सूचना : घरकुल अनुदानाच्या अर्जांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधून स्वतःच्या जागेवर घर बांधू इच्छिणाऱ्यांची कागदपत्रे येत्या रविवारी सकाळी १० वाजता समाजमंदिरात तपासली जातील. अर्ज नगरपरिषदेत जाण्याआधीच त्रुटी निघाल्या तर हेलपाटे वाचतील.

अनुदान एकूण २.५ लाख रुपये आहे. त्यात केंद्राचा वाटा १.५ लाख, बाकी राज्याचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवे, देशात कुठेही कुटुंबातील कोणाच्या नावे पक्के घर नको आणि मागच्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. वडिलोपार्जित जागेत चार भावांची नावे असतील तर आधी घरात बसून बोला, पेच बहुतेक वेळा तिथेच पडतो.

आधार कार्डे, उत्पन्नाचा दाखला, जागेचा उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि आधारशी जोडलेल्या खात्याचे पासबुक आणा. घर घरातल्या बाईच्या नावे किंवा पतीपत्नीच्या संयुक्त नावे करायचे असते, त्यामुळे दोघांनीही यावे.

पैसे एकरकमी मिळत नाहीत. बांधकाम जसे पुढे सरकेल तसा त्याचा जिओटॅग फोटो (म्हणजे जागेच्या ठिकाणाची नोंद असलेला फोटो) घेतला जातो आणि त्यानुसार हप्ता थेट खात्यात येतो. म्हणून जोत्यापुरती तरी स्वतःची तजवीज ठेवा. हप्ता येईलच या भरवशावर गवंड्याला शब्द देऊ नका.

“साहेबांना द्यायचे” म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, कार्यकारिणीला कळवा.

– सचिव