चिमे, आधी बीपी मोज

प्रिय चिमे,

परवा फोनवर म्हणालीस ना की अंगठी निघेना, साबण लावून काढली, तेव्हापासून मला चैन नाही बघ, कारण माझं ते गरोदरपणातलं बीपीचं दुखणं, प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात ते, तिथूनच सुरू झालेलं. चौतीसावा आठवडा होता. सासूबाई म्हणाल्या पाय सुजतातच गं शेवटी शेवटी, आणि ते खरंय, पण माझा चेहरा सुजलेला, सकाळी डोळे उघडेनात, दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर काजवे, आणि मी आपली ऊन लागलं असेल म्हणून झोपून! आदल्या आठवड्यात दवाखान्यात नुसतं वजन केलं, बीपी घेतलंच नाही, त्याचा राग अजून जात नाही माझा.

मोठ्या हॉस्पिटलला नेलं तर १७०/११०, लघवीत प्रोटीन. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू केलं, अंगाची नुसती भट्टी, आणि सिस्टर सारख्या येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या पाय उडतो का, औषध जास्त झालं तर तो उडायचा थांबतो म्हणे. दुसऱ्या दिवशी सिझर. पिल्लू १ किलो ८००.

डॉक्टर म्हणाले मूळ वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात असतं, सुरुवातीलाच तिथल्या रक्तवाहिन्या नीट रुंद होत नाहीत आणि पुढे आईच्या किडनी, लिव्हर, मेंदूवर येतं. म्हणून गोळ्यांनी बीपी आवरतं, पण दुखणं थांबायला बाळ आणि वार बाहेरच यावी लागते. तू काही चुकीचं खाल्लंस असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस, आणि मीठ तोडूनही हे टळत नाही.

२० आठवड्यांनंतर १४०/९० दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११०, किंवा न थांबणारं डोकं, अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळ कमी हलणं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नीघ, कुणाची झोप मोडेल वगैरे बघू नकोस.

आणि बाळंत झालीस की संपलं असं नाही गं, माझं पाचव्या दिवशी परत चढलं, सगळे पाळण्याभोवती आणि माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही. घरी मशीन घेऊन ठेव. पुढच्या गरोदरपणात तर हे परत होऊ नये म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात, मला तेच सांगितलंय, पण स्वतःहून काही घेऊ नकोस हां.

उद्या सकाळी पाच मिनिटं शांत बस, मग मोज, आणि मला वरचा-खालचा दोन्ही आकडे पाठव. मी वाट बघतेय.

तुझीच,
ताई