चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसू नकोस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पाठनिरीक्षण सुरू होतंय आणि चित्रकलेच्या तासाला नेमकं काय टिपायचं ते कळत नाही, असं तू लिहिलंस. इथेही शिकाऊ शिक्षकांना आधी नुसतं बघायलाच बसवतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या बाकावरून फक्त मुलांच्या पाठी दिसतात. पुढच्या कोपऱ्यात बस, हात आणि कागद दिसले पाहिजेत. वहीत तीन रकाने आख: वेळ, शिक्षक काय म्हणाले, मुलांनी काय केलं. स्वतःचं मत तासानंतर वेगळ्या पानावर लिही. नाहीतर ‘मुलं रमली होती’ असलं काहीतरी उतरतं, आणि त्याचा पुढे काडीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी पहिल्या दहा मिनिटांत कितीजणांनी कागदाला हात लावला ते मोज. सगळ्या वर्गावर नजर ठेवायला जाऊ नकोस. तीन मुलं निवड: भराभर संपवणारं, कोऱ्या कागदाकडे बघत बसणारं आणि एक अधलंमधलं. दर पाच मिनिटांनी तिघांचं काय चाललंय ते टिप. नावं नकोत, अ, ब, क पुरे.

घड्याळाकडे लक्ष ठेव. ४० मिनिटांच्या तासात शिक्षकाने करून दाखवायच्या प्रात्यक्षिकाला ५ ते ७ मिनिटं आणि आवरायला शेवटची ८ ते १० गेली, तर हिशोब बरा जमतो. प्रात्यक्षिक १५ मिनिटांवर गेलं की मागची मुलं चुळबुळ करू लागतात. वर्गातला गोंधळ बहुतेक वेळा शिस्तीचा नसतोच, वाटपाचा असतो. पाणी, ब्रश, कागद सगळं एकाच टेबलावर ठेवलं की सगळी मुलं एकदम तिथे धावणार. साहित्य कुठे होतं आणि कोणी वाटलं, याचा छोटा नकाशा काढून ठेव.

जलरंगाचा तास मिळाला तर सोडू नकोस. चित्रं मळकट का होतात हे तिथे डोळ्यांसमोर घडतं. मूल नारिंगीत बुडवलेला ब्रश न धुता निळ्यात घालतं. हे विरुद्ध रंग, त्यांचा राखाडी-तपकिरी चिखल होतो. किंवा पहिला थर ओला असतानाच दुसरा चढवतं आणि रंग एकमेकांत पसरतात. पाण्याचं एकच भांडं असेल तर दहा मिनिटांत सगळ्यांचं पाणी गढूळ. दोन भांडी (एक धुवायला, एक स्वच्छ), दोन्ही अर्धीच भरलेली, आणि ब्रश टिपायला फडकं, एवढ्यावर बरंच काम होतं. कागदही बघ. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, म्हणजे पातळ) कागद पाण्याने फुगतो, घासला की त्याची लव निघते. निदान २०० जीएसएमचा हवा. दोष कागदाचा असतो, पण मूल म्हणतं, ‘मला जमत नाही.’

मातीकामात जोड बघ. दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ कालवलेली माती लावली नाही, तर वाळताना कान, हात सुटून येतात.

शिक्षकाची पेन्सिल मुलाच्या कागदावर किती वेळा टेकली, ते मोज. मला हा सगळ्यात बोलका आकडा वाटतो. मुरलेला शिक्षक बाजूच्या चिठोऱ्यावर काढून दाखवतो, चित्र मुलाचंच राहतं. ‘छान’ किती वेळा आलं आणि ‘ही रेघ इथे जाड का केलीस?’ असे प्रश्न किती, तेही लिही.

वयाचं भान ठेव. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या मुलांच्या चित्रांच्या टप्प्यांनुसार साधारण ७ ते ९ वर्षांची मुलं खाली जमिनीची रेघ काढून सगळं तिच्यावर उभं करतात. आकाशाची पट्टी वर, मधे मोकळी जागा. ती चूक म्हणून टिपू नकोस. नवव्या वर्षानंतर ‘खऱ्यासारखं’ काढायची ओढ लागते, आणि खोडरबर फार चालायला लागतो. तो कोणाच्या हातात किती वेळ असतो, तेही बघ.

फोटो शाळेच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत. तास संपल्यावर शिक्षकांना एवढंच विचार: आजच्या आखणीतलं काय ऐनवेळी बदललं आणि का? नोंदी त्याच संध्याकाळी नीट उतरवून काढ. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

आई-बाबांना सा. नमस्कार.

तुझी,
ताई