रस्ता सुरू झाला तरी लगेच निघू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, 9 ऑगस्ट 2019

चि. अजितास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास की रेंज गेली, ते कळलं नाही. रेंज गेली असंच धरून चालतोय. इथं लाईटचा भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहितोय. तालमीत जनरेटरवर मोबाईल चार्ज करून देतात. तिथं गेलो की फोटो काढून वैशालीच्या फोनवर पाठवीन. तुझ्या फोनवर पाठवलं तर पहिल्या ओळीतच 'आप्पा सुरू झाले' म्हणशील आणि बाजूला ठेवशील.

तुम्ही सगळे खोपोलीकडं सहलीला गेलेले, आणि तू म्हणालास, "तुमच्या गावात पूर आणि आम्ही इथं पोरांना झोक्यावर बसवायचं? लाज वाटते मला, आप्पा. सकाळी निघतो. साताऱ्यापर्यंत तरी येतो, पुढचं पुढं." हे ऐकल्यापासून मला झोप नाही. तुझी आई तुळशीपुढं बसली ती बसलीच.

आधी आमचं सांगतो, म्हणजे तुझा जीव खाली बसेल. आपल्या गल्लीत पाणी नाही. आक्का आणि नाना सोमवारी रात्रीच शुक्रवार पेठेतून इकडं आले. आक्कांनी देव आणले, नानांनी घराची कागदपत्रं आणि रेडिओ. कपड्यांचं कुणालाच सुचलं नाही, नाना सध्या तुझे जुने टी-शर्ट घालतात. नळाला पाणी नाही, उपसा केंद्रंच पाण्यात गेलीत. टँकर येतो, पोरं बादल्या जिन्यावरून वर आणून देतात. दूध नाही म्हणून चहा कोरा. डाळ, तांदूळ, पीठ भरपूर आहे. तुझ्या वर्कशॉपच्या वॉचमनशी काल बोललो. शेडमध्ये पाणी शिरलेलं नाही. लेथ, माल, सगळं जागच्या जागी आहे. कामगारांना येता येत नाही एवढंच, आणि ते तू येऊनही येणार नाहीत.

आता पाण्याचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी 39, धोक्याची 43, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. पाटबंधारे खात्यातल्या सगळ्या नोकरीत हा आकडा मी लिहिलेला नाही, 2005 लासुद्धा नाही. आता उतरतंय, पण इंचाइंचानं. खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरून चाललीय. तिची फूग, म्हणजे मागं दाटलेलं पाणी, आहे तोवर पंचगंगेला वाट नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे मिटले तरी इथलं पाणी लगेच पडत नाही. तू म्हणालास पाऊस कमी झालाय, मग दोन दिवसांत रस्ता मोकळा होईल. पाऊस थांबतो आणि पूर राहतो, असं मी अनेकदा पाहिलंय. हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली आहे. गगनबावडा, राधानगरी, रत्नागिरी, कुठल्याच बाजूनं वाट नाही. रेल्वेचंही तेच. साताऱ्यापर्यंत येऊन काय करणार? ट्रकांच्या रांगेत पोरांना घेऊन बसून राहणार?

म्हणून सांगतो, जिथं आहात तिथंच थांबा.

खरं तर मला हे सांगायला बसायचंच नव्हतं. मला सहलीबद्दल लिहायचं होतं. तू पोरांना खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला नेलंस याचा मला फार आनंद झाला होता, तो तुला सांगायचा राहिला. गेल्या महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, म्हणून तू गाडी काढलीस. विहीणबाईंनाही बरोबर घेतलंस. वर्कशॉप सुरू केल्यापासून तू पहाटे शिरोलीला जातोस आणि पोरं झोपल्यावर येतोस. शंभू तुला रविवारीच नीट बघतो. शनिवार-रविवार करून सोमवारी नागपंचमीला परत यायचं, असा बेत होता. तो बेत पाण्यानं मोडला. पोरांची सहल मात्र अजून चालू आहे. त्यांना काय कळतंय? शाळा इथंही बंदच आहेत, अभ्यास बुडतोय अशातला भाग नाही.

आणि लाज कसली रे त्यात? तू तिथं तोंड पाडून बसलास म्हणून पंचगंगा एक इंच खाली येणार आहे का? परवा आर्यानं फोनवर सांगितलं, मोठ्या पडद्यापुढं खुर्चीत बसवतात, पाय लोंबकळतात आणि सगळ्या भारतावरून उडत नेतात. ते सांगताना तिला दम लागला होता. इथं आम्ही सगळे कंदिलाभोवती बसलो होतो. आक्कांचं घर पाण्यात आहे, तरी त्या हसल्या. पुढं दोनदा मला म्हणाल्या, "पोरगी उडून आली म्हणं." लाज वाटायची तर पोरांचं हसू थांबवल्याची वाटू दे.

जरा जास्त बोललो. राग मानू नकोस.

शंभूला सांग, तो बोटीतून जाताना ज्या राजासॉरस डायनासोरला घाबरला, तो प्राणी खरोखर आपल्या देशातला होता. त्याची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळ सापडली. आल्यावर दोघं मिळून नकाशात ते गाव शोधू. आर्याची उंची कमी पडली म्हणून मोठ्या रोलर कोस्टरवर सोडलं नाही आणि ती रडली, असं वैशाली म्हणाली. तिथं नियमाला घासाघीस करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. उंचीची ती पट्टी कुणीतरी विचार करूनच लावलेली असते.

पैशांचं म्हणशील तर त्या हॉटेलात रोज राहणं परवडणारं नाही, हे मला कळतं. खोपोलीत साधं लॉज बघ. नाहीतर पालीला बल्लाळेश्वराचं भक्तनिवास आहे, तुम्ही आहात त्याच रस्त्यावर पुढं. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं. देवळातली मोठी घंटा पोरांना दाखव, चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिलेली म्हणून सांगतात. विहीणबाईंना बरं वाटेल. पण अजित, पालीच्या वाटेवर अंबा नदी आहे. 1989 च्या जुलैत तिनंच जांभूळपाडा धुऊन नेलं. रात्रीत गाव गेलं. इथं आम्ही पंचगंगेच्या पुरात होतो आणि खात्यात ती बातमी आली, तेव्हा कचेरीत कुणी जेवलं नाही. तेव्हा आधी लॉजवाल्याला नाहीतर एसटीच्या ड्रायव्हरला विचार, पुलावर पाणी आहे का. आहे म्हणाला तर पाली राहू दे. महडचा वरदविनायक जवळ आहे, तिथं जाऊन या.

खोपोलीत आणखी एक गोष्ट आहे. डोंगरावरून उतरलेले जाड लोखंडी पाईप दिसतील. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी त्यातून खाली सोडून टाटांनी 1915 साली वीज काढली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. पोरांना लांबूनच दाखव. पाणी वरून खाली पडतं एवढ्यावर गिरणी चालते, हे शंभूला कळेल असं सांग. तुला मी राधानगरीला नेलं होतं ते आठवतं? सातवा दरवाजा आपसूक उघडला तेव्हा तू कानात बोटं घालून उभा होतास आणि ओरडून विचारत होतास, "कुणी उघडला?" पाण्यानंच उघडला म्हटल्यावर तुझा विश्वास बसेना. दरवाजामागं लपलेला माणूस तू किती वेळ शोधत होतास. घरी येईपर्यंत माझ्या छत्रीचा दांडा तू सोडला नव्हतास.

आणि झेनिथ धबधब्याकडं फिरकू नका. लांबूनसुद्धा नको.

बघ, फिरून पाण्यावरच आलो. आई म्हणते, पत्र लिहिताय का सूचनाफलक? पण मला 2005 आठवतं. आजीचं औषध संपलं होतं आणि दुधाळीकडं गुडघाभर पाणी. कुणाला न सांगता तू स्कूटर घेऊन गेलास. तासानं आलास तो स्कूटर ढकलत. एका पायात चप्पल नव्हती, शर्ट गळ्यापर्यंत भिजलेला, आणि औषधाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दातात धरलेली. आजीनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला. गल्लीत सगळे म्हणाले, पोरगं वाघ आहे. मलाही तसंच वाटलं, माझी छाती भरून आली. पण तुझा शर्ट गळ्यापर्यंत भिजला होता, आणि तू म्हणत होतास पाणी गुडघाभरच होतं. मधे कुठंतरी तुझा पाय सुटला होता. ते तू आजवर सांगितलेलं नाहीस, मी विचारलेलं नाही.

तेव्हा तू एकटा होतास. आता गाडीत पाचजण आहेत.

वाहत्या पाण्याचं एवढं ध्यानात ठेव. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असलं तरी गाडी हलकी होते, तरंगायला लागते आणि मग स्टिअरिंग नावालाच हातात राहतं. पाणी गढूळ असेल तर खाली रस्ता आहे की नाही हे वरून दिसत नाही. पूर ओसरल्यावर तर जास्त धोका. वरचं डांबर जसंच्या तसं दिसतं आणि खालचा भराव वाहून गेलेला असतो. म्हणून हायवे सुरू झाला असं टीव्हीवर आलं तरी लगेच निघू नकोस. आधी टँकर, सिलिंडर, दुधाच्या गाड्या जाऊ देत. अवजड गाड्या एक दिवस सुखरूप गेल्या की मग तू ये. इथं पेट्रोलही मिळत नाही, तेव्हा टाकी पुण्यातच भर. आणि दिवसाउजेडी ये.

काल सांगलीकडं ब्रह्मनाळला बोट उलटली. तू ऐकलंच असशील. माणसं पुरातून बाहेर पडत होती, आणि बाहेर पडतानाच गेली. त्यात लेकरं होती. नाना रेडिओ लावून बसले होते, त्यांनी तो बंद केला.

आज श्रावणातला शुक्रवार. तुझ्या आईनं जिवतीची पूजा केली. तुम्ही घरात नाही म्हणून तिनं चारी दिशांना अक्षता टाकल्या. खोपोली कुठल्या दिशेला म्हणून मला विचारलं. मी उत्तरेकडं हात केला, तर त्या बाजूला तिनं दोनदा टाकल्या. पुरणाला गूळ होता, पण डाळ शिजायला गॅस जपून वापरायचा म्हणून पुरण केलं नाही. तुम्ही आल्यावर करू म्हणते.

वैशालीला सांग, तिथं कपडे धुणं आणि पोरांमागं धावणं एकटीनं करू नको. तिलाही घरच्या कामातून एवढे मोकळे दिवस कधी मिळालेत? तिला एक दुपार झोपू दे, तू पोरांना सांभाळ. पावसात बाहेरचे झोके बंद असतील तर आतले खेळ आहेत, तेही नसतील तर लॉजवर पत्ते खेळा. शंभूला सत्तेपे सत्ता येत नाही, शिकव. तू त्याच्या वयाचा असताना मी दौऱ्यावर असायचो, तुला पत्ते नानांनी शिकवले. अजून तू त्यांच्यासारखीच पानं आपटतोस.

पैसे कमी पडले तर पुण्याला सुनीताला फोन कर, मी तिच्याशी बोललोय. मागायला संकोच करू नकोस. तूही त्यांच्या वेळेला उभा राहिला होतास.

तू इथं यायला निघालास तो आमच्या काळजीनंच, हे मला कळतं. असं पोरगं आहे म्हणूनच भीती वाटते. इथं बादल्या उचलायला तालमीची पोरं आहेत, देसाईंचा मुलगा रोज दारात येऊन विचारून जातो. तुझ्या पोरांना उचलायला तिथं तूच आहेस.

सर्वांना आशीर्वाद. विहीणबाईंना नमस्कार.

तुझे,
आप्पा

ता. क. – विहीणबाईंच्या साखरेच्या गोळ्या शनिवार-रविवारच्या हिशेबानं घेतल्या होत्या, त्या आजच आण. रिकामं पाकीट टाकलं असेल तर इथल्या कपाटात त्यांची जुनी चिठ्ठी सापडलीय, तिचा फोटो याच्या मागोमाग येईल. रस्त्याचं काही कळलं तर आधी मला फोन कर. मी उचलला नाही तर रेंज नाही असं समज, आणि पुन्हा कर. माझ्याशी बोलल्याशिवाय गाडी काढू नकोस.