बोटीच्या इंजिनाचा पिस्टन बसवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

बडोदे

आदरणीय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार.

चांदोदला नर्मदेच्या पात्रात आमच्या बोटीचे इंजिन जाम झाले, तेव्हा 15 हॉर्सपॉवरचे ते दोन सिलिंडरचे धूड रिक्षात घालून मी दांडिया बाजारातून आपल्या दारी आलो होतो. लेथवाल्याला द्यायच्या बोअरिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कातून रुंद करण्याच्या, पैशांखेरीज आपण काहीच घेतले नाही, म्हणून ते ऋण चारचौघांत मान्य करण्यासाठी हे जाहीर पत्र.

"पिस्टन बदला, संध्याकाळी इंजिन चालू" असे आधीच्या एका कारागिराने सांगितल्यामुळे मी मुंबईहून स्टँडर्ड मापाचा पिस्टन मागवूनही ठेवला होता. आपण सिलिंडरच्या आत बोट फिरवले आणि काही न बोलता तो पिस्टन पुन्हा डबीत ठेवलात. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतल्यावर ओरखडे खोल निघाले आणि अर्धा मिलिमीटर मोठ्या, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टनाखेरीज इलाज उरला नाही. खरे सांगायचे तर मला तेव्हा आपला रागच आला होता. मग आपण इंजिनाचा खालचा भाग उघडून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, माझ्या हातावर ठेवलात. गाळाने झिजून त्याची दोन पाती तुटली होती. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झालेली मी कित्येक दिवस पाहत होतो आणि चालवून घेत होतो. तो इम्पेलर तसाच राहता, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने गेला असता.

पिस्टन बसवण्याचे काम आपण मुद्दाम माझ्याकडून करून घेतलेत. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनभोवतीची रिंग फिरली तर तिचे टोक पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या, कडेला अडकून तुटते, म्हणून खाचेतल्या बारीक पिनेवर रिंगेची दोन्ही टोके नीट आली आहेत ना, हे आपण मला तीनदा तपासायला लावलेत. काही आत पडू नये म्हणून क्रँककेसच्या, म्हणजे सिलिंडरमागच्या पोकळ पेटीच्या, तोंडात स्वच्छ फडके कोंबल्याशिवाय सर्कलिपला, म्हणजे पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीला, हात लावू दिला नाहीत, आणि जुनी सर्कलिप तर सरळ कचऱ्यात टाकलीत. पिस्टनवरची 'अप' ही खूण फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाकडे, ठेवणे, हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाचे, बोल्ट मधून बाहेर आणि दोन टप्प्यांत आवळणे, हे सारे आता माझ्या वहीत आहे.

आपण सांगितल्याप्रमाणे पहिले 10 तास एका लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर ऑइल घालून, थ्रॉटल पूर्ण न उघडता इंजिन चालवले. आता 20 मिलिलिटरवर आलो आहे. धार जोरात पडते आणि दोन्ही प्लग सारख्याच रंगाचे निघतात, म्हणजे दोन्ही सिलिंडर सारखेच चालत आहेत.

दिवाळीनंतर नर्मदेचे पाणी निवळले की काकूंना घेऊन चांदोदला अवश्य यावे. इंजिनाची दोरी मात्र त्या दिवशी आपणच ओढावी.

आपला नम्र,
दांडिया बाजारातील बोटवाला