जर्मन शिकवा, पण वॉर्डातली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला मनुष्यबळ पाठवण्याचा करार २०२४ मध्ये महाराष्ट्राने केला, तेव्हापासून आमच्या घरात जर्मन चालू आहे. मुलगी नर्स, सीताबर्डीच्या एका क्लासला जाते. मी आयटीआयमधून निवृत्त झालेला शिल्प निदेशक, फिटर ट्रेडचा. मला जर्मन येत नाही, पण तिच्या वह्या चाळत असतो.

बी-वन या मधल्या पातळीपर्यंत ती बेकरीत पाव मागायला, हवामानावर बोलायला शिकली. मग वॉर्डातल्या नोंदीचा एक नमुना हाती आला, त्यात ‘श्टूलगांग’. श्टूल म्हणजे खुर्ची, गांग म्हणजे चालणं. पोरीने लिहिलं, ‘पेशंट खुर्ची धरून चालला.’ खरं तर पेशंटला शौचाला झाली होती! क्लासच्या मॅडमही अडखळल्या. त्या मनापासून शिकवतात, पण वॉर्ड त्यांनी पाहिलेला नाही. इथल्या मेयो रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरने लगेच ओळखलं असतं. ‘स्टूल टेस्ट’ आपणही म्हणतोच की.

आमच्या ट्रेडमध्येही तेच. ‘मुटर’ म्हणजे आई, हे सुरुवातीलाच शिकवतात. वर्कशॉपमध्ये मुटर म्हणजे नट-बोल्टमधला नट. तिथल्या फोरमनने मुटर मागितली तर आपलं पोरगं काय आणून देणार?

डॉक्टरांची तिथली भाषेची परीक्षा मला पटली. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग: पेशंटशी बोलायचं, त्यावरून अहवाल लिहायचा, मग दुसऱ्या डॉक्टरला केस सांगायची. पेशंटपुढे ‘ब्लुटहोखड्रुक’ म्हणायचं, डॉक्टरपुढे ‘ह्यूपरटोनी’. दोन्ही म्हणजे आपलं हाय बीपी. कोणापुढे कोणता शब्द, हे नर्सलाही कळायला हवं, आणि ते शब्दांच्या याद्या पाठ करून येत नाही.

लिहिण्याचंही तसंच. नोंदीत ‘मी कूस बदलली’ असं नसतं, ‘कूस बदलण्यात आली’ असं असतं. क्लासात ही वाक्यरचना ‘घर बांधलं जातं’ अशा रिकाम्या जागा भरण्यापुरती येते. अहो, शासन निर्णय वाचून वाढलेली आपली माणसं! ‘कार्यवाही करण्यात आली’ इथून सुरुवात केली तर पोरं एका तासात शिकतील.

शासनाच्या खर्चाने जिथे वर्ग चालतील, तिथे तरी ए-टूपासूनच, म्हणजे बी-वनच्या आधीच्या पातळीपासूनच, आठवड्याचे दोन तास कामाच्या भाषेला द्यावेत. भाषेच्या शिक्षकासोबत त्या कामातलं माणूस बसवावं. मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या सिस्टर नागपुरात कमी नाहीत. फिटरच्या पोरांसाठी मी यायला तयार आहे. जर्मन मॅडमनी सांगावी, नट-बोल्ट मी दाखवीन. मानधन नको, चहा पुरे.

– एक निवृत्त शिल्प निदेशक,
महाल, नागपूर