आजीचं वय

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा गप्प होतात म्हणून लिहितेय. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचा फोटो व्हॉट्सअपवर बघितला, त्यात आजीचं वय ७५ टाकलंय. बाबा, कुठून आलं हे? आधार कार्डावरून ना? त्यावर ०१/०१/१९५० आहे, कॅम्पमध्ये त्या पोराने विचारलं, ही म्हणाली लिही तुला काय लिहायचं ते, आणि त्याने लिहिलं. त्या हिशोबाने तुम्ही झालात तेव्हा ती १३ वर्षांची होती. (तुमची पण १ जूनच आहे म्हणा, गुरुजींची कृपा.)

तिचा हिशोब वेगळाच होता. इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारातली माणसं रात्री तिच्या माहेरी भाकरी खायला यायची आणि ही चुलीपुढे बसून त्यांच्याकडे बघायची, हे मला तिने कितीदा तरी सांगितलंय, म्हणजे ते १९४३ ते ४६ मधलं. आधारवाल्यांच्या मते तेव्हा बाई जन्मालाच आलेली नव्हती! लग्न झालं तेव्हा कोयना धरणाची भिंत अर्धी झालेली. मग पाणी चढलं आणि माहेर गेलं. गाव उठलं, भाऊ सोलापूरकडे पुनर्वसनात गेले, जिथे पाऊस म्हणजे काय ते लोक आभाळाकडे बघून विचारतात, आणि ही हेळवाकजवळ पाच-पाच हजार मिलिमीटर पावसात इरलं घेऊन चिखलात उभी. पंचमीला सगळ्या माहेरवाशिणी जायच्या आणि ही धरणाकडे तोंड करून बसायची, आई तूच सांगितलंयस ना हे मला?

आजोबा मशीद बंदरला माथाडी, मनीऑर्डर आली की कळायचं माणूस बरा आहे. तरवा भाजणं, लावणी, नाचणी, गुरं सगळं तिच्यावर. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला करवंदांची पाटी न्यायची आणि येताना मीठ, सुकट. त्या घाटात आपली गाडी सेकंड गिअरवर रडते, बाबा.

आणि ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारनंतर. तुम्ही चार वर्षांचे. तिने तुम्हाला गोधडीसकट उचललं, पण दाराची कडी वाकलेली, निघेना, तेवढ्यात मागची भिंतच पडली आणि ती त्याच वाटेने बाहेर आली. पुढे कितीतरी दिवस थंडीत शेतात झोपले सगळे. नंतर आयुष्यभर तिने रात्री कडी लावली नाही, कोपरखैरण्याला फ्लॅटमध्येसुद्धा, आणि आपण किती वैतागायचो, मी तर एकदा ओरडले पण होते तिच्यावर, चोर येतील म्हणून. तेव्हा मला ही गोष्ट माहीतच नव्हती. तुम्ही का नाही सांगितलं? तुम्हाला आठवत नसेल किंवा आठवत असेल, मी विचारणार नाही.

मांडणीवरचं भांडं जरा वाजलं की तिचे कान टवकारायचे. आणि पंखा उगाच चालू दिसला की बंद, "आमची गावं बुडवून केलेली वीज हाय, जपून वापरा." आम्ही हसायचो. गावात आपल्याकडे आजपण पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते, मग हसू येत नाही.

तर पत्रिका छापायला दिली नसेल तर वयाची ओळच काढून टाका. दिली असेल तर प्रेसवाल्याला मी फोन करते, नंबर पाठवा. ८५ तरी नक्की होती ती, पण मला आकडाच नकोय.

मी शुक्रवारी रात्री बंगळुरूहून निघते, कराडला उतरून पहिली एसटी मिळाली तर बरं, नाहीतर उजाडायच्या आत कुणाच्या तरी जीपने येईन. आई, तू उठून बसू नकोस माझ्यासाठी. नुसती कडी लावू नको.

तुमची,
ताई