हॅमस्टर पिंजरा कुरतडतो ते दात घासायला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलं घरी कंटाळतात, कुत्रा झेपणार नाही, मांजर आजीला चालत नाही, मग छोटासा हॅमस्टर (उंदरासारखा गुबगुबीत प्राणी) आणू असं बऱ्याच घरांत ठरतं. आमच्याच सोसायटीत दोन वर्षांत चार घरांत आलेत आणि चारही घरांत एकच तक्रार, रात्रभर पिंजरा कुरतडतो, झोपू देत नाही. त्यातलं एक घर आमचं म्हणून हे पत्र.

आमचा लाडू सोनेरी रंगाचा, सिरियन जातीचा, लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आणला. दुकानदाराने सोबत तारेचा रंगीत पिंजरा दिला, एक छोटं प्लॅस्टिकचं चाक आणि मूठभर लाकडाचा भुसा, एवढंच लागतं म्हणाला. आठवडाभर बरं चाललं. नंतर रात्री दिवे बंद केले की कट् कट् कट् सुरू, एकाच कोपऱ्यातली एकच तार, तासन् तास. दुकानात विचारलं तर म्हणे उंदराच्या जातीचे दात वाढत असतात, ते झिजवायला चावतो, लक्ष देऊ नका. शेजारच्या काकूही हेच म्हणाल्या आणि मी ते तीन महिने मानलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दात आयुष्यभर वाढतात हे खरंच आहे, पण ते झिजतात वरचे-खालचे एकमेकांवर घासून आणि कडक दाणे, लाकूड कुरतडून. तारेची त्यासाठी काही गरज नाही. उलट तारेने दात तुटतो, वाकडा वाढतो आणि मग खाताच येत नाही. लाडूच्या नाकावरचे केस गेले, कातडी लाल दिसायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात तपासले आणि लगेच विचारलं, पिंजरा केवढा आहे? घरी येऊन टेपने मोजला, ४५ बाय ३० सेंटीमीटर. लेकीची मोठी चित्रकलेची वही उघडून ठेवली तर होईल तेवढी जागा.

मग मी वाचत बसले. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संशोधकांनी याच जातीचे हॅमस्टर वेगवेगळ्या मापाच्या पिंजऱ्यांत ठेवून बघितले, सगळ्यात छोटा १८०० चौरस सेंटीमीटर आणि सगळ्यात मोठा १०,०००. तारा कुरतडणं सगळीकडेच दिसलं पण छोट्या पिंजऱ्यात जास्त वेळा आणि जास्त वेळ. आमचा पिंजरा १३५० चा, म्हणजे त्यांच्या सगळ्यात छोट्यापेक्षाही छोटा! तिथलाच दुसरा अभ्यास २००६ चा, त्यात पिंजऱ्यात खाली किती जाड थर घातलाय ते बदललं, १०, ४० आणि ८० सेंटीमीटर. १० वाले तारा जास्त कुरतडत होते आणि ८० वाल्या सगळ्यांनी बिळं खणली आणि ती वापरली. हे वाचून मी लाडूच्या पिंजऱ्यात बोट घातलं, भुशाचा थर माझ्या नखाएवढा होता.

या प्राण्याचं मूळ गाव सिरियाचा उत्तर भाग आणि त्याला लागून तुर्कस्तान. १९३० मध्ये अलेप्पोजवळच्या शेतात एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, आज जगभर घरोघरी असलेले सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्याच कुटुंबातले. शेतात हा जमिनीखाली अर्धा-पाऊण मीटर, कधी त्याहून खोल बीळ करून एकटाच राहतो, बाहेर येऊन दाणे गालात भरतो आणि घरी नेऊन साठवतो. म्हणजे खणणं, धावणं, शोधणं, साठवणं हेच त्याचं आयुष्य आणि आपण त्याला यातलं काहीच करू देत नाही. मग तो तारेला लागतो, आधी बाहेर पडायला आणि पुढे पुढे ती सवयच होऊन बसते, तोडायला फार अवघड. आमच्याकडे आणखी एक चूक होत होती, तो कुरतडायला लागला की लेक उठून सूर्यफुलाची बी द्यायची, म्हणजे तारा चावल्या की खाऊ मिळतो हे आम्हीच त्याला शिकवलं.

उपाय महाग नाहीये हे मुद्दाम सांगते. एका ओळखीच्यांकडे माशांची चार फुटी काचेची टाकी रिकामी पडून होती, ती आणली, वर जाळी बसवली. तार नाही तर कुरतडणार काय! आत तीस सेंटीमीटर थर घातला, साधा टिश्यू पेपर आणि वह्यांच्या कोऱ्या पानांचे तुकडे. कापसासारखं मऊ मऊ जे विकतात ते घालू नका, पायात गुंडाळतं, गालात अडकतं. चाक मोठं हवं, २८ सेंटीमीटरच्या आसपास, छोट्या चाकात त्याची पाठ वाकते. दाणे वाटीत न देता सगळीकडे विखरून टाकते, बाजरी, ज्वारी, राळं, थोडं जवस, रात्रभर शोधत बसतो. उन्हाळ्यात मातीचं मडकं आडवं ठेवते, दुपारी त्यात गार बसतो, कारण आपला मे महिना या प्राण्याला खरंच सोसत नाही. आणि जोडी घ्या म्हणतात तेही ऐकू नका, सिरियन मोठे झाले की एकमेकांना रक्त येईपर्यंत चावतात.

आवाज एका रात्रीत थांबला नाही. पहिले काही दिवस तो काचेच्या कोपऱ्यात नाक घासायचा, मग खणायला लागला आणि महिन्याभरात ते जवळजवळ बंद झालं. नाकावर केस परत आलेत.

आता दुकानांबद्दल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तरी ४५ बाय ३० चा पिंजरा "हॅमस्टर केज" म्हणून बिनधास्त विकला जातो आणि घेणाऱ्याला वाटतं दुकानात मिळतोय म्हणजे योग्यच असणार. तपासणीला जाणाऱ्यांनी दुकानातल्या प्राण्यांसोबत विकायला टांगलेले हे पिंजरेही बघावेत. आणि आपल्या मुलांच्या पुरवणीत सुट्टी लागायच्या आधी यावर अर्धं पान दिलंत तर फार बरं होईल, टाकीचं माप आणि थराची जाडी मी लिहून पाठवायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व